थंड पाण्याचा आकडा

पुलगावात माझं मोटरपंपांचं दुकान आहे. विहिरीत, बोअरमध्ये सोडायच्या मोटरी विकतो, जळालेल्या दुरुस्त करून देतो. पाण्याशी माझा संबंध एवढाच. विहिरीला कठडा असतो, धरणाला भिंत असते. समुद्राला पलीकडचा काठच दिसत नाही, आणि हे मला कधी आवडलेलं नाही. नेमकी माझीच मुलगी तिकडे जाऊन पडली.

ती समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करते. रत्नागिरीकडच्या मच्छीमार बोटींना तिच्या संस्थेने पाण्याचं तापमान मोजणारी छोटी यंत्रं दिली आहेत. शास्त्रज्ञांचं जहाज कधीमधी जातं, बोटी रोजच्या रोज जातात. मग मासे धरता धरता त्यांनीच पाणी मोजावं, अशी ती युक्ती. मी व्यापारी माणूस, मला ती लगेच पटली. पण यंत्र नीट चालतं का ते बघायला ही स्वतः बोटीवर जाऊ लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं. बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा मुख्य माणूस, बाईमाणसाला बोटीवर घ्यायला आधी तयार नव्हता. तोवर तो मला न बघताच शहाणा वाटत होता. मग त्याने होकार दिला आणि माझ्या मनातून उतरला.

दसरा झाल्यावर ती अशीच काही दिवसांसाठी समुद्रात निघाली. निघण्याआधी माझ्या फोनवर एक पान उघडून दिलं. त्यात नकाशा, नकाशावर बोटीचा ठिपका आणि ठिपक्याशेजारी पाण्याचं तापमान. "बाबा, मले फोन लागला नाई तरी हे पाहत जाजो," ती म्हणाली.

आमच्या घरी माणूस प्रवासाला निघालं की पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत केर काढत नाहीत. माणूस नागपूरला गेलं तर दुपारपर्यंत प्रश्न मिटतो. बोटीवरचं माणूस पोहोचतं कुठे? बायकोने झाडू दाराआड ठेवला तो ठेवलाच. पायाखाली कचरा येत होता आणि त्यावरून आम्ही दोघं भांडत होतो.

ठिपका किनाऱ्याजवळ होता तोवर आकडा एकोणतीसच्या आसपास राहिला. गिऱ्हाईक समोर उभं असतानाही मी फोन उघडून बघायचो. मग टीव्हीवर अरबी समुद्रात वादळ तयार होत असल्याची बातमी आली, आणि त्याच दुपारी आकडा बावीस झाला.

माझ्या धंद्यात एक गोष्ट पक्की आहे. मोटर चालू असली की हाताला गरम लागते, थंड लागली की ती बंद. यंत्र बोटीला लावलंय, एवढंच मला ठाऊक होतं. म्हणजे इंजिनाच्या उबेने बोटीशेजारचं पाणी कोमट राहत असणार, आणि आता ते गार पडलं, म्हणजे इंजिनच बंद पडलं. वादळ येतंय आणि माझी मुलगी बंद बोटीत बसली आहे. त्यानंतर नवा आकडा येईना आणि ठिपकाही जागचा हलेना. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही.

तिचा फोन लागेना. अडीअडचणीला म्हणून तिने बोटमालकाचा नंबर देऊन ठेवला होता, तो लावला.

"तुमच्या बोटीचं इंजिन बंद पडलं आहे," मी सांगितलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझा मोटरींचाच धंदा आहे. यात माझं चुकत नाही."

मी इतक्या ठामपणे बोललो की तोही घाबरला. त्याने वायरलेसवरून बोटीला हाका घातल्या, उत्तर आलं नाही, तेव्हा जवळच्या दुसऱ्या बोटीला निरोप दिला. त्या बोटीने टाकलेलं जाळं अर्धवट ओढून घेतलं आणि ती माझ्या मुलीला शोधायला निघाली.

दुकानात बसवेना म्हणून घरी आलो, घरी तर त्याहून बसवेना. "अवो, एका जागी बसा ना. काऊन येरझारा घालून राह्यले?" बायको म्हणाली, आणि स्वतः स्वच्छ ओटा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मी मनाशी ठरवून टाकलं. ही परत आली की बस झालं, पुन्हा बोट नाही. इथे शाळा आहेत, कॉलेज आहे, शिकव म्हणावं पोरांना.

संध्याकाळी तिचा फोन आला. बोट बंदराला लागली होती. माझा जीव भांड्यात पडला, पण मला बोलायला मिळालंच नाही. ती संतापली होती.

"बाबा, यंत्र बोटीले नाई, जाळ्याले बांधते! जाळं खोल जाते, तिथलं पाणी थंडच असते. अन् जाळं वर आल्याशिवाय आकडा येतच नाई, ठिपकाही हालत नाई. बावीस दिसला म्हणजे जाळं वर आलं, आम्ही धड आहो."

"मग नंतर आकडा काऊन नाई आला?"

"वादळाचा इशारा आला, तं जाळं गुंडाळून परत येऊन राह्यलो होतो. त्याच्यानंतर वायरलेस बिघडला, इंजिन नाई!"

शोधायला निघालेली बोट त्यांना वाटेतच भेटली होती आणि सगळं बंदर हसत होतं. "आता तांडेल मले पुन्हा नेते का नाई, देव जाणे," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. मी सांगून जे तिने कधी ऐकलं नसतं, ते माझ्या शहाणपणाने परस्पर करून टाकलं होतं. बायकोने झाडू काढला आणि घर लख्ख केलं.

दिवाळीला ती घरी आली. माझ्यावर रागावलेली नव्हती, तेच मला जड जात होतं. फोनवर ते पान उघडून बसायची. त्यात दुसऱ्या बोटींचे ठिपके हलत असायचे. चिवडा पुढे केला तर मूठभर घ्यायची आणि मूठ तशीच धरून ठेवायची. जळालेली मोटर बरी, उघडून तरी बघता येते.

पाडव्याला दुकानातली पूजा आटोपली आणि माझा फोन वाजला. तांडेल होता. मालकाकडून त्याने माझा नंबर घेतला होता.

"काका, समुद्र शांत झालाय, आम्ही निघतोय. पोरीला न्यायचं म्हणतो, तिचं काम अर्धं राहिलंय. पण त्या दिवशी तुम्ही फार घाबरलात. मलापण मुलगी आहे. म्हणून तिच्याआधी तुम्हाला विचारतो. तुम्ही नको म्हणालात तर मी तिला फोनच करणार नाही. तिला कळायचंपण नाही."

समोर स्टुलावर ती बसली होती, मान फोनमध्ये. नाही हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. तो म्हटला असता तर ती पुलगावात राहिली असती, आणि मला आयुष्यभर शांत झोप लागली असती.

"जाळं खोल टाकता ना?" मी विचारलं.

"मासळी असेल तितकं खोल."

"न्या," मी म्हणालो.

"कोण होतं बाबा?" तिने विचारलं.

"गिऱ्हाईक."

थोड्या वेळाने तिचा फोन वाजला आणि ती ओरडतच घराकडे पळाली, आईला सांगायला.

ती गेली. झाडू पुन्हा दाराआड आहे. हे लिहितोय तेव्हा ते पान समोर उघडं आहे, आणि सकाळपासून त्यावर आकडा आलेला नाही.