मला कधीच न लागलेला टॅक्स

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तो तर मी ताटात काय टाकलं यावरून माझं मन ओळखणारा माणूस होता. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि गोष्ट रंगात आली की पाणी प्यायला उठणार नाही.

निमित्त झालं नातीचं. नवी नोकरी, पहिला पगार, आणि कंपनीनं हातात ठेवलेला इन्कमटॅक्सचा फॉर्म. पोरगी शिकलेली, पण तो कागद बघून रडवेली झाली. घरातले पुरुष एकेक करून सटकले — एकाला तर एकदम कोथिंबीर आणायची आठवण झाली. मग मीच बसले. म्हटलं, बाळ, कर लागणं वेगळं आणि कर कापणं वेगळं. पगार देणारा अंदाजानं कापतो. खरा हिशेब मार्च संपल्यावर, आणि तो तू स्वतः सरकारला द्यायचा. जास्त कापला असेल तर परत मिळतो. पण मागितला तर. मुदतीत मागितला तर.

सगळे बघत राहिले. सून म्हणाली, जुन्या काळच्या शिक्षिका त्या, त्यांना सगळं येतं. मी नुसती हसले.

मी हे कशासाठी शिकले होते, ठाऊक आहे? थांबा. एकदम नाही सांगता यायचं.

गोऱ्या साहेबाचं राज्य होतं, मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. आमचं घर पोलादपूरच्या वर, डोंगरात. वरी, नाचणी, खाली थोडा भात. वडील गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली, आणि सगळं घर माझ्या मोठ्या भावाच्या खांद्यावर. आम्ही त्याला दादा म्हणायचो. मला महाडच्या मावशीनं शिकायला ठेवून घेतलं होतं; तिला मूलबाळ नव्हतं. मी सातवीची परीक्षा पास झाले आणि तिथल्याच मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली. गावातली पहिली पगारी बाई! डोकं ठिकाणावर राहील का? माझं नाही राहिलं.

आणि घरी धाकटी बहीण होती — चिमी. गावच्या शाळेत चौथी झालेली, माझ्याहून हुशार. हो, माझ्याहून. पुढं शिकायचं तर तिला महाडला यायला हवं होतं; पण ती आली असती तर म्हशीमागं कोण जाणार आणि आईपाशी कोण बसणार? दादानं साधा मार्ग काढला होता. माझा पगार सुरू झाला की एक बाई कामाला ठेवायची आणि चिमीला शाळेत पाठवायची. दोन वर्षं ती पोरगी माझ्या नोकरीची वाट बघत म्हशी वळत होती.

आता माझं ध्यान ऐका. मला चष्मा हवा होता. डोळे घारीसारखे, नदीपलीकडच्या काठावर कोणाची गाय चरतेय ते सांगायची मी. पण चष्म्याशिवाय शाळेतली बाई बाईसारखी दिसते का? दासगावच्या बंदरात मुंबईहून होड्या यायच्या, त्यातल्या एका तांडेलाकडून मी चष्मा मागवला. गोल काचा, सोनेरी काडी, नंबर काहीच नाही. नुसती काच. शिवाय चपला. शिवाय एक छत्री, वाकड्या मुठीची.

पहिल्या पगाराला दादा डोंगर उतरून आला. मी पैसे हातावर ठेवले. त्यानं मोजले नाहीत, नुसतं वजन कळल्यासारखं म्हणाला, "येवढंच, बाय?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं — सरकार टॅक्स कापतं.

हे कुठून आलं? मावशीच्या ओटीवरून. मावशीचे यजमान, आमचे काका, एका वकिलाकडे कारकून होते. बाजारपेठेतले व्यापारी नोटीस आली की घामाघूम होऊन त्यांच्याकडे यायचे. महिनाभराची मुदत, रिटर्न, सूट, परतावा — हे शब्द मी जेवताना ऐकायची. पुढं मी मुद्दाम काकांना खोदून विचारायला लागले. काकांना वाटायचं, पोरगी जिज्ञासू. मी खोटं पक्कं करत होते. कर कोणाला लागतो, कधी कापतात, वर्ष कधी संपतं, सगळं पाठ. एवढा अभ्यास मी परीक्षेलाही केला नव्हता. आणि या अभ्यासात पहिलीच गोष्ट काय कळली असेल? की शाळेतल्या बाईच्या पगाराला टॅक्स लागतच नाही. तो लागायचा वर्षाला हजारांत कमावणाऱ्यांना.

मी काय केलं? पुढच्या महिन्यातही टॅक्स कापला.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा नुसता चावटपणा होता. मीही हसले असते, तुम्हीही. पण पैसे पुरेनात म्हणून कामाला बाई ठेवली गेली नाही. आणि फाल्गुनात चिमीला स्थळ आलं, पाचाडकडचं. घर बरं होतं. वैशाखातली तिथी धरायचं बोलणं सुरू झालं. दादानं त्यांना थोडं थांबवून ठेवलं. चिमी शाळेत जाणार असेल तर लग्न नको, हे त्याचं म्हणणं. पण हो की नाही ते त्याला लवकर सांगायचं होतं.

एक दिवस मधल्या सुट्टीत तो शाळेच्या दारात उभा. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं, हातात फणसाच्या गऱ्यांची पुडी. मला म्हणाला, "बाय, मी चौकशी केली. कापलेला टॅक्स परत मिळतो म्हनं. एक फारम हाय, ता भरायचा. मुदत बी हाय, वरीसभर. तू भर फारम. आलं पैसं तर चिमीला जूनात आनू. आनि आजपास्नं कापू नको म्हून सांग त्यास्नी. झाला गेला ता गेला."

मला हसू आलं. खरंच सांगते, हसू. हा नांगर धरणारा माझा भाऊ मला टॅक्स शिकवतोय. चष्मा नाकावर वर ढकलला आणि शिकवायच्या आवाजात म्हटलं, "दादा, तुला कोणी अर्धवट सांगितलं. मुदत टळली."

तो माझ्याकडे बघत राहिला. चष्म्याकडे नाही — काचांच्या आत. मग म्हणाला, "टळली?"

"टळली."

"बरं गो," म्हणाला. पुडी माझ्या हातात दिली आणि गेला.

संध्याकाळी जेवायला बसलो. काका भाताला आळं करत सहज बोलले, "तुझा दादा आला होता आज सकाळी कचेरीत. त्याच्या ओळखीच्या कोणाची बहीण म्हणे मास्तरीण आहे, तिचा टॅक्स कापतात. मी म्हटलं, अरे, मास्तरणीच्या पगाराला कुठला आलाय टॅक्स? कोणीतरी बनवलंय तुम्हाला. आणि खरोखर चुकून कापला असेल तर एक फॉर्म भरायला सांग, परत मिळतो, भरपूर मुदत आहे." मावशी म्हणाली, "काय माणसं असतात एकेक." मी भात वाढून घेतला. आठवतं मला, परत वाढून घेतला.

कळलं ना तुम्हाला? दादा दारात उभा राहिला तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं मला चोर म्हटलं नाही. काकांसमोरही दुसऱ्याच कोणाची तरी बहीण उभी केली. मला परत फिरायला त्यानं एक वाट काढून दिली होती — फॉर्म भरल्याचं नाटक कर, पैसे ‘परत आले’ म्हण, आणि आपण सगळे विसरू. झाला गेला ता गेला. आणि त्या वाटेवर मी काय ठेवलं? मुदत टळली.

टळली नव्हती. वैशाख उजाडायला अवकाश होता. महाडपासून आमचं गाव एका दिवसाच्या चालीत. मी निघाले का? चार ओळींची चिठ्ठी तरी? नाही. रोज शाळेत गेले, चष्मा लावून. तो विकला असता तरी कामाच्या बाईचे काही महिने निघाले असते. हेही मी त्याच दिवसांत मनात मोजलं होतं — म्हणजे सुचलं नाही, असंही नाही.

लग्नाला गेले. नव्या चपला, छत्री. मांडवात कोणीतरी दादाला चिडवलं, "काय रं, येवढी पगारी भैन आनि मांडव असा?" सगळे हसले. दादा डाळीच्या पातेल्यावरून मान वर न करता म्हणाला, "तिला टॅक्स हाय. सरकार कोनालाबी लावत नाय टॅक्स." लोकांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. चिमीनंही पाहिलं, मुंडावळ्यांतून. तिला तर केवढा अभिमान वाटला.

मी मान ताठ ठेवली. ते मला आयुष्यभर चांगलं जमलं.

दादा म्हातारा होऊन गेला. त्यानं हा विषय वर्षानुवर्षं काढला नाही, मीही नाही. तो माझ्याकडे राहायला यायचा, माझ्या मुलांना खांद्यावर घेऊन फिरायचा. मला वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, तो विसरला असेल. तो विसरला नव्हता. शेवटच्या आजारपणात नात त्याला पेपर वाचून दाखवत होती, अंदाजपत्रकाची बातमी आली तसा तो गालात हसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वाढला का गो तुजा टॅक्स?" मी म्हटलं, औषध घे.

चिमी आहे अजून, पाचाडला. चार मुलगे, सुना, नातवंडं. घर तिच्या शब्दावर चालतं. वाईट झालं नाही तिचं, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क मी त्या दारात घालवला. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेले होते, तर नव्या नातसुनेला माझी ओळख करून देत म्हणाली, "ही माझी ताई. सायबाच्या राज्यात टॅक्स भरायची." मी चष्मा काढून पदरानं पुसला. आता तो नंबराचा आहे.

नातीचा फॉर्म भरून झाला, मुदतीच्या आधी गेला. त्यानंतर मी हे लिहायला बसले. लिहून झालं की मोठ्या अक्षरात एक प्रत काढून पाचाडला पाठवणार आहे. चिमीला वाचता येतं. बोट ठेवून, एकेक अक्षर लावून, चौथीत शिकली तेवढंच. वेळ लागेल तिला.

लागू दे.