शेवटचं धडधाकट कवा बघितलं?

धर्मपालदादाची आन माझी भिंत एक. मी कडक भाकरी करून विकते. भाकरी वाळत घालावी, तर वरनं ह्याच्या कबुतरांची फौज हजर. इतकी वर्षं त्याच्याशी रोज भांडत आले मी. "दादा, एक दिस ह्यांचा रस्साच करते बघ!" म्हणायची. तो हसायचा. "वैजयंती, सकाळी पंचशील म्हणतीस न्हवं? मग पयलंच शील मोडतीस व्हय?"

दादा महापालिकेत पाण्याच्या चाव्या सोडायचा. सोलापुरात पाणी सोडणाऱ्या माणसाला आमदारापेक्षा जास्त भाव. रिटायर झाल्यावर तो भाव गेला, तर ह्यानं गच्चीवर ढाबळ बांधली आन कबुतरांचा साहेब झाला. बायको शालन म्हणायची, "मला सवत आणली आसती तर परवडली आसती, ती निदान भांडी तरी घासली आसती."

आता ऐका. आमच्याकडं कुणाच्या अंगावरनं वारं गेलं, म्हणजे तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, की घरची माणसं आधी पळतात कबुतराला. काही मेले ते कापून रक्त चोळतात. दादा कापायला कबुतर कवाच देत न्हवता. म्हणायचा, "त्याच्या पंखांचं वारं घाला लुळ्या अंगावर आन सोडून द्या. येतंय ते आपलं आपण घरी." पैसा एक घ्यायचा न्हाय. कबुतर फिरून ढाबळीत आलं की खूश व्हायचा. "आलं बघ. माणूस बरं झालं आसणार." लई भोळा जीव, खरंच सांगते.

मग एक दिस डॉक्टर शिवानी आली. पोरगीच म्हणा की, चष्मा लावलेली. मेंदूतली रक्ताची नळी तुंबून लकवा होतो, ती माणसं दवाखान्यात उशिरा का येतात, ह्यावर तिचं संशोधन चाललं होतं. घरोघर इचारत फिरताना चार-पाच घरांत तिला एकच सांगितलं, आमी आधी धर्मपालदादाकडं गेलो होतो. म्हणून ती हुडकत आली. मी पण गेले मागनं गच्चीवर. फुकटचा तमाशा सोडते व्हय मी?

पण तमाशा झालाच न्हाय. ती बिचारी एका शब्दानं रागावली न्हाय. नीट बसून सांगितलं. नळीत रक्ताची गुठळी आडकती, ती इरघळवायचं इंजेक्शन हाय, पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला तर डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती, म्हणून देत न्हाईत. त्यामुळं पेशंट आला की डॉक्टर पयलं हेच इचारतात, माणूस शेवटचं धडधाकट कवा बघितलं? तितनं तास मोजायचे. रात्री धड झोपला आन सकाळी लुळा सापडला, तर रात्रीपासनं मोजायचे.

दादाला लगीच कळलं. जन्मभर नळ्याच बघितलेल्या. "म्हणजे नळी तुंबलीय, आन मी वारं घालत बसलोय," म्हणाला. मग हळूच इचारलं, "मॅडम, मग आजपतोर किती जणांचा टाइम खाल्ला आसंल मी?" त्या दिशी दादा जेवला न्हाय, शालननं ताट तसंच उचललं.

तितनं पुढं हा माणूस पिसाटला. कुणी कबुतर मागायला जिन्यात पाय ठेवला की वरनंच वरडायचा, "शेवटचं धडधाकट कवा बघितलं?" धरून रिक्षात घालायचा, कवाकवा आपण पण बसून जायचा. लोक शिव्या द्यायचे. करकंबचा एक बाबा तर म्हणाला, "एक पाखरू द्यायला जीव जातोय व्हय रं तुझा?" पण त्यानं रिक्षात घालून नेलेली अक्कलकोटची चन्नम्मा बरी होऊन आपल्या पायांनी चालत पेढे घेऊन आली, तवा दादा आमच्या सगळ्यांसमोर लहान पोरागत रडला. विहारात, बारशात, मयतीत, जिथं जाईल तितं त्याचं तेच. तोंड वाकडं, हात लुळा, जीभ जड, पळा दवाखान्यात. मी एकदा म्हणलं, "दादा, लग्नात नवरदेवाचं तोंड बघून तरी इचारू नको बाबा, ह्याला शेवटचं धडधाकट कवा बघितलं!" मांडव हसला सगळा.

कुठनं आसलं बोलले मी.

एप्रिलात दादा गच्चीवरच झोपायचा, ढाबळीशेजारी. शालनचे गुडघे गेलेले, ती खाली. रोज तांबडं फुटायला तो ढाबळ उघडून शीळ घालायचा आन मी भिंतीआडनं शिवी हासडायची. बाकीची गल्ली तवा झोपेत. आन नेमकी त्या दिशी मी माढ्याला लेकीकडं गेलेली! मी आसते तर शीळ ऐकली आसती की हो मी.

च्या निवून गेला तरी नवरा खाली येईना, म्हणून शालन कठडा धरून वर गेली. दादा आथरुणावर पडलेला. तोंड वाकडं, उजवं आंग गेलेलं, डोळे उघडे. तिनं गल्ली गोळा केली, सरळ रिक्षात घातला. कुटं थांबली न्हाय, कबुतराचं नाव काढलं न्हाय. नवऱ्यानं शिकवलं तसं सगळं केलं तिनं. डॉक्टरांनी इचारलं, शेवटचं धडधाकट कवा बघितलं? ती म्हणाली, "रात्री जेवून वर गेले, तवा." खोटं कशाला बोलंल? डॉक्टरांनी तास मोजले आन इंजेक्शन देता येत न्हाय म्हणाले. झोपेत झालेला झटका किती जुना हाय हे फोटोवरनं सांगणारी मोठी मशीन आसती म्हणे, त्याच्यावर संशोधन चाललंय, पण ती तिथं न्हवती.

मला सांजच्याला कळलं. तशीच दवाखान्यात गेले. शालन बाकड्यावर बसलेली. माझा हात धरला आन म्हणाली, "बघ की गं, एवढं झालं तरी ह्यांचा जीव कबुतरातच. डॉक्टर इचारत होते आन हे डावा हात सारखा आसा हलवत होते, पंखागत. मी म्हणलं, आवो, घालतो आमी दाणे, काळजी करू नका. तर लई चिडले माझ्यावर. मग रडाय लागले." आन मलाच म्हणाली, "जा, तेवढी ढाबळ उघड. दिसभर कोंडून उपाशी आसतील."

मी गच्चीवर गेले. ढाबळ उघडीच होती. दार मागं तारेनं बांधलेलं, दादाच बांधायचा तसं, घट्ट पीळ घालून. दाणे टाकलेले. पाण्याची परात निम्मी भरलेली. कबुतरं कठड्यावर बसून घुमत होती. गल्लीत घर न घर इचारलं, सकाळी ढाबळ कुणी उघडली? कुणीच न्हाय. त्या गडबडीत ढाबळीकडं बघायला कुणाला सुचणार होतं?

मी ती तार हातानं चाचपून बघितली. तारेला पीळ घालायला दोन हात लागतात. पाण्याची घागर उचलायला दोन हात लागतात. म्हणजे तांबडं फुटलं तवा दादा धडधाकट होता. कबुतरं सोडून झाल्यावर त्याला वारं गेलं आन तो कसाबसा आथरुणापतोर सरपटला. टाइम होता. दवाखान्यात इंजेक्शन होतं. आन ज्या प्रश्नानं त्यानं सगळ्या सोलापूरचं डोकं खाल्लं, त्याचं उत्तर तो उरलेल्या एका हातानं देत होता. आईशप्पत, मला छाती बडवून घ्यावी वाटली.

दुसऱ्या दिशी शालन गोळ्या आणाय गेली, तवा मी त्याच्या कानाशी वाकले. "दादा, ढाबळ बघितली मी. तार बघितली." त्यानं माझ्याकडं बघितलं आन डोळ्यांतनं घळाघळा पाणी. मी म्हणलं, "थांब, शालन आली की सांगते तिला." तर त्यानं डावा हात उचलला आन माझ्या तोंडावर दाबून धरला. इतकी वर्षं मी त्याला तोंड भरून शिव्या दिल्या, पण गप बस असं त्यानं कवा म्हणलं न्हवतं. शालन दारात दिसली तवा हात काढला.

आता दादा घरी हाय. खुर्चीत बसून आसतो. कबुतरं मी बघते, शिव्या देत देतच बघते. त्याला एकच शब्द फिरून आलाय, 'व्हय'. च्या पाहिजे का, व्हय. पाय दुखतोय का, व्हय. डॉक्टर शिवानी तपासायला येती, त्याच्यासमोर बसती आन चष्मा पुसत ऱ्हाती.

परवा ती आलेली, तवा शालन तिला सांगत होती. येईल त्याला सांगती ती, हसत हसत, पदर डोळ्याला लावत. "मॅडम, आवो जीव चाललेला, तरी ह्यांचं आपलं कबुतरं, कबुतरं! डॉक्टर काय इचारत्यात आन हे हात कसा हलवत्यात!" मग त्याच्याकडं वळली. "कबुतरांचीच काळजी होती न्हवं हो तुमाला?"

मी भाकरीची पाटी घेऊन दारातच थांबले. दादानं माझ्याकडं बघितलं न्हाय. तिच्याकडंच बघत ऱ्हायला. वाकड्या तोंडानं, लई जोर लावून म्हणाला, "व्हय."