न दुखणारा पाय

दर सोमवारी घरापासून सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत अनवाणी चालत जायचं, हा माझा नऊ वर्षांचा नेम. त्यातली आठ वर्षं शुगरही सोबतीला आहे. नेम मी कडक पाळला. गोळ्या मात्र आठवल्या तर घ्यायचो. रक्त तपासायला जायचं म्हटलं की माझ्या धान्याच्या दुकानात नेमकी गर्दी व्हायची. दुखणं अंगावर काढण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक नवल घडलं. सोलापूरच्या उन्हात तापलेला डांबरी रस्ता पूर्वी तळपाय भाजून काढायचा, तो एकाएकी भाजेनासा झाला. मला वाटलं, सेवा पावली. देवानं माझ्या पायाखाली सावली धरली. हे मी चारचौघांत सांगितलंही, आणि सांगताना छाती जरा फुगायची, हे आज कबूल करतो. बायको तेवढी म्हणायची, "अहो, एकदा डॉक्टरला पाय दाखवा की." मी हसण्यावारी न्यायचो.

श्रावणातल्या एका सोमवारी ती माझ्याबरोबर आली. एरवी ती मंगळवारी जाते. त्या दिवशीच का यावंसं वाटलं, तिलाही सांगता येत नाही. तिच्या चपला ठेवायच्या म्हणून आम्ही देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या मावशींपाशी थांबलो. नऊ वर्षांत मी तिथं कधी थांबलोच नव्हतो. अनवाणी माणसाचं तिथं काय काम?

मावशींनी माझ्यामागच्या फरशीकडे बघितलं. "दादा, रगत येतंय की पायातनं."

मी म्हणालो, "असेल. मला काही दुखत नाही."

"न्हाय दुकत, तेच लई वंगाळ हाय. आमच्या मालकांचं बी दुकत नव्हतं. गुडघ्यापातूर पाय गेला त्यांचा."

दर्शन घेऊन येतो म्हणालो, तर त्या उठून आडव्याच उभ्या राहिल्या. "देव कुटं जात न्हाय. तुमी आदी दवाखान्यात जा."

नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी देवळाच्या दारातून परत फिरलो. रिक्षात बसल्यावर रडू आलं. पायासाठी नव्हे, नेम मोडला म्हणून.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी तळव्यातून एक छोटा खिळा काढला आणि सांगितलं की तो चार-पाच दिवस तरी आत असावा. मग मला डोळे मिटायला लावले. "पायाला दोरा लावते, कळलं की सांगा." मी वाट बघत राहिलो. बराच वेळ गेल्यावर विचारलं, "सुरू करताय ना?" त्या म्हणाल्या, "काका, दहा ठिकाणी लावून झाला." ज्याला मी नऊ वर्षांच्या सेवेचं फळ समजत होतो, ती बधिरता होती. पाय वाचेल का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "प्रयत्न करू. पण आता माझं ऐकावं लागेल."

मी ऐकलं. इन्सुलिन घेतलं, दिवसाआड ड्रेसिंग केलं, पायावर भार न देता घरात बसून राहिलो. आहार सांगणाऱ्या ताईंनी ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी बंद केली नाही, फक्त मोजून दिली. त्याबद्दल त्यांना रोज दुवा देतो. जखम भरायला अडीच महिने लागले. पाय राहिला. गेलेली जाणीव बहुधा परत येणार नाही, पण साखर आटोक्यात ठेवली तर उरलेली टिकेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणून अनवाणी चालणं कायमचं बंद. रोज सकाळी लिंगपूजा झाली की आरसा घेऊन दोन्ही तळवे बघतो. इतकी वर्षं देवाच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानंच दिलेल्या या पायांकडे कधी बघितलं नव्हतं.

बरा झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले मऊ बूट घालून देवळापाशी गेलो. मावशींसमोर वाकून बुटाची नाडी सोडू लागलो, तशी त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. हितनंच हात जोडा. त्याला दिसतंय."

मी बुटांसकट तिथंच उभा राहिलो आणि हात जोडले. समोर कळस होता आणि मध्ये मावशी बसल्या होत्या. नमस्कार दोघांनाही पोचला असावा.