सरांच्या कातडीतले कारकून

आमच्या लॅबचे किस्से मी जेवताना सांगत नाही. एकदा सांगितले, तर मेहुण्याने तांबड्या रश्श्याची वाटी बाजूला सारली! पण अशा ठिकाणी उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाकडे हे असलंच साठत जातं, त्याला काय करणार?

सत्तरच्या दशकात कोल्हापुरात आमचं काम एकच होतं. माणसाच्या कातडीत कुठलं एन्झाइम नेमकं कुठे बसलंय ते शोधायचं. कातडीचा पातळ काप रसायनात ठेवला, की जिथे एन्झाइम असेल तिथे रंग उमटायचा. अट एवढीच, तुकडा ताजा असतानाच गोठवायला हवा. मग माणूस जळून राख झाला, तरी त्याची कातडी रंग देते. आमचे घोरपडे सर हसून म्हणायचे, "माणूस गेला म्हणजे साहेब गेला. कारकून अजून कामावर असतात!"

*

एकदा हुपरीहून असाच एक तुकडा थर्मासमधून एसटीने आणत होतो. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "पावणं, आईसफ्रूट हाय व्हय?"

"न्हाय आज्जी, औषध हाय."

तिने झाकणावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. "कोन हाय ह्यात?"

मी थर्मास जवळ ओढला. ती उठून ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहिली. कोल्हापूर येईपर्यंत बसली नाही!

*

निरोगी कातडी कोण देणार? म्हणून लॅबची रीत होती, नवा माणूस आला की त्याच्या दंडाचा डाळीएवढा तुकडा घ्यायचा. सर्वात पहिला तुकडा खुद्द सरांनी दिलेला.

माझी पाळी आली. मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर माझ्याच घामाच्या ग्रंथी निळ्याशार झालेल्या. शरीराबाहेर, माझ्याशिवाय! मला दरदरून घाम फुटला.

आमचे टेक्निशियन मुल्लाचाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन्हीकडं चालू हाय की!"

*

दर वेळी एक काप मुद्दाम उकळायचा. उकळला की एन्झाइम मरतं, आणि तो कोराच राहायला हवा. हा आमचा कंट्रोल, तुलनेसाठी. एकदा तोही निळा झाला.

सर भडकले. "चाचा, पाणी नीट उकळलं होतं का?"

"सर, त्याच शेगडीवर त्याच्या मागनं च्या केला मी!"

"कातडी कुणाची?"

"पैलवानाची. एका उकळीत चीत हुतोय व्हय त्यो?"

हसलो, पण कोणी त्या स्लाइडला हात लावेना. सरांनी तुकडा पुन्हा उकळला, मगच जाळला. तो त्यांचा नियमच होता, काम संपलेला तुकडा आधी उकळायचा, मग जाळायचा. "जिवंत काही जाळायचं नाही," म्हणायचे.

*

सर अचानक गेले. हार्ट. दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला. झाडावर कावळेच कावळे, एकही खाली येईना. मुलाने शब्द दिला, "आईला सांभाळीन." मी म्हणालो, "सर, राहिलेलं काम पुरं करतो." काही उपयोग नाही. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले, तशा सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी कडाडल्या, "न्हाय! त्यांचा जीव कशात अडकलाय ते कळल्याबिगर मी उठायची न्हाय."

त्या रडत नव्हत्या, नुसत्या पिंडाकडे बघत होत्या. मला ते बघवेना.

मागून चाचा कानाशी लागले. "सरांचा तुकडा फ्रीजरमधी हाय की."

मी पुढे झालो. वहिनींना सांगितलं. त्यांनी झटकन मान वर केली. "म्हंजे सगळं जळालंच न्हाय त्यांचं? जावा, आणा!"

सायकल दामटत लॅब गाठली. फ्रीजरमधून बाटली काढली, तर वर सरांच्याच अक्षरात सरांचं नाव. तसाच निघणार होतो, पण नियम आठवला. शेगडी पेटवली, पाणी खळाखळा उकळलं, आणि हात जोडून तुकडा आत सोडला. मग बाटलीत भरून घाटाकडे निघालो.

पोचलो तर लोक उठलेले. वहिनी पायरीवर बसून तोंड धूत होत्या. चाचा लगबगीने पुढे आले.

"शिवला! तुम्ही गेल्यावर थोड्या वेळानं. सगळे कावळे एकदम उडाले, अन् एकच खाली आला." मग आवाज बारीक करून म्हणाले, "त्या टायमाला तिकडं काय करत हुतासा?"

माझ्या खिशातली बाटली अजून गरम होती.