बाबांच्या फोटोच्या झेरॉक्स

पोळ्याच्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं आणि बाबांची खाट रिकामी होती. चपला मात्र दाराशीच होत्या.

आई गेल्यावर बाबांना मी लाखांदूरकडच्या गावातून लाखनीला माझ्या घरी आणलं होतं. विसरणं तेव्हाच सुरू झालं होतं. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, मग नातवंडांची नावं. पण एकटे घराबाहेर कधी पडले नव्हते. आमच्या घरापासून हायवे हाकेच्या अंतरावर. नवरा मोटरसायकल काढून आधी तिकडेच धावला. मी गल्ली, देऊळ, तलावाची पाळ, सगळीकडे हिंडले. पाण्याकडे बघायची हिंमत होत नव्हती आणि बघितल्याशिवाय पाय पुढे निघत नव्हता.

बाबांचा फोटो मोबाईलवर सगळ्या ग्रुपांवर टाकला. गावी फोन लावला. तिथे आले नव्हते. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, "फोटोच्या झेरॉक्स आना. शेजारच्या ठान्यांत देतो. एसटीत, ढाब्यांवर तुमी लावा. मोबाईलवर टाकला ते बरं केलं, पन आज पोळा हाय. कोन पाहून राहिलं मोबाईल?"

पोळ्यामुळे बाजार बंद. झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानाचं शटर खाली. मग आठवलं ते माझं ऑफिस. मी तिथे लिपिक, झेरॉक्सची मशीन माझ्याच टेबलाशेजारी. साहेबांना फोन करून परवानगी घेतली आणि किल्ली आमच्या शिपाईकाकांकडे, म्हणून त्यांच्या घरी गेले. काका बैलांच्या शिंगांना रंग लावत होते. तसेच रंगलेल्या हातांनी उठले आणि ऑफिस उघडून दिलं.

बाबांचा फोटो एका कागदावर चिकटवला, खाली नाव, वय आणि माझा नंबर जाड पेनाने लिहिला, मशीन सुरू केली. एक कागद आत गेला आणि करकर आवाज करून थांबला. पडद्यावर लाल दिवा, एक इंग्रजी अक्षर आणि आकडे. हा कोड मला ठाऊक होता, कागद अडकल्याचा. बाजूचं झाकण उघडून चुरगळलेला कागद ओढला. कोड जाईना. टॉर्च मारून पाहिलं तर रोलरच्या पोटात नखाएवढा तुकडा राहिला होता. तो काढेपर्यंत माझ्या बोटांना घाम सुटला होता.

झाकण लावलं. आता दुसराच कोड. हा मी कधी पाहिला नव्हता. मशीन बंद केली, चालू केली. तोच. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तोच. मी मशीनवर हात आपटला.

"ताई, तिले मारून काय होईन?" काका म्हणाले. "मिस्तरीले लावा फोन."

मेकॅनिक भंडाऱ्याचा. फोन उचलला तेव्हा मागे घुंगरांचा आणि माणसांचा गलका होता. "मॅडम, पोळ्यासाठी गावाले आलो मी. बैलं घेऊन तोरणाखाली उभा हाओ. उद्या येतो नं."

"उद्या नको, आत्ता सांगा!" मी ओरडलेच.

"असं काय अर्जंट हाय?"

"माझे बाबा सकाळपासून सापडत नाहीत. त्यांच्या फोटोच्या झेरॉक्स काढायच्या आहेत."

पलीकडचा गलका हळूहळू मागे पडला. तो बाजूला जात असावा. "फोन ठेवू नका," तो म्हणाला. "पडद्यावर काय दिसून राहिलं ते वाचा."

मी वाचलं. तो म्हणाला, शाई कागदावर भाजून पक्की करणारा रोलर गरम होत नाही, म्हणून मशीनने स्वतःला कुलूप घातलं आहे. कुठली बटणं कशी दाबायची ते त्याने एकेक सांगितलं. कोड गेला. मी देवाचं नाव घेतलं आणि हिरवं बटण दाबलं.

कागद आले. पहिला उचलला तर बाबांच्या चेहऱ्यावरून माझा अंगठा फिरला आणि चेहरा पुसला गेला. डोळे, मिशा, सगळं काळं भुरभुरीत होऊन अंगठ्याला लागलं. दुसरा उचलला, तोही पुसला गेला. मी खाली बसले. सकाळपासून रडले नव्हते, तिथे रडले.

काकांनी फोन घेतला. "अरे, पोतारा फिरवल्यासारखं पुसल्या जाऊन राहिलं सारं!"

"करंट कमी असन," पलीकडून आवाज आला. "पंखे, लाईट, पान्याची मोटर, जे चालू असन ते बंद करा. मग मशीन गरम होऊ द्या."

काकांनी एकेक बटण बंद केलं. अंधारल्या खोलीत आम्ही त्या पडद्याकडे बघत उभे राहिलो. नवऱ्याचा फोन आला, हायवेला कुणीच पाहिलेलं नाही. मशीन घुरघुरत होती. शेवटी दिवा हिरवा झाला.

या वेळी कागद गरम होता. अंगठा घासून पाहिला. बाबा जागेवर राहिले. फिकट, पण राहिले. थोडे कागद निघाले आणि तो कोड पुन्हा उगवला. होते तेवढे घेऊन मी पळाले.

बसस्टँडवर साकोलीकडून आलेल्या एका गाडीच्या कंडक्टरने कागद हातात घेतला आणि लगेच म्हणाला, "हे बाबा सकाळी माझ्याच गाडीत होते. कुठं जायचं म्हटलं तर म्हनत, समोर, अजून समोर. साकोलीच्या आधी एका फाट्यावर उतरून गेले."

नवऱ्याला बोलावून घेतलं. मोटरसायकलवरून आम्ही त्या फाट्यावर पोचलो, आतल्या गावात शिरलो, दिसेल त्याला कागद दाखवला. उन्हं कलताना एका घराच्या ओसरीवर बाबा सापडले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. घरच्या बाईने त्यांना जेवू घातलं होतं. "धानाच्या बांधीत, चिखलात उभे होते," ती म्हणाली. "नाव सांगता येईना, म्हनून घेऊन आली."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, एखाद्या अनोळखी बाईच्या डोक्यावर ठेवावा तसा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दाराला आतून कुलूप लावलं. दुपारी कडी वाजू लागली म्हणून गेले, तर बाबा दोन्ही हातांनी ती ओढत होते. मला पाहून थांबले आणि अगदी मान राखून म्हणाले, "मले घरी जाऊ द्या नं, बाई. पोरगी वाट पाहत असन."

मी म्हटलं, "बाबा, मीच ती."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कडी ओढू लागले.