टेपला प्री लागतो का?

हसायचं नाही, अशी अट घालून सांगतो. म्हणजे तुम्ही हसणारच! पण त्या दुपारी माझ्या अंगावर जो काटा आला होता, तो खरा होता.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाऊस मात्र नव्या जिल्ह्याची वाट चुकला. आमच्या अंगणातला आड कोरडाठाक. गल्लीत बोलवा अशी, की भर दुपारी त्या आडातून कुणीतरी पाणी मागतं. मी एकदा वाकून कान लावला. ऐकू काही आलं नाही. पण आतून गार वारा आला हो, भर उन्हाळ्यात!

मी आठवीत शाळा सोडलेला, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला. लाजाळू इतका, की निलंग्याला मुलगी बघायला गेलो आणि तोंडातून शब्द फुटला नाही. मुलगी मला फार आवडली होती. चार दिवसांनी तिच्या मामांचा निरोप आला, "पोरगं मुकं तर न्हाई ना? येऊन बघताव."

झालं! मी ठरवलं, आपल्याऐवजी स्टिरिओ बोलू दे. टेप होता, अँप्लिफायर होता, स्पीकर मीच बनवलेले. प्रश्न एकच, मधे बारीक आवाज आधीच मोठा करणारा वेगळा प्रीअँप्लिफायर, म्हणजे प्री, लावावा का? नांदेडच्या उस्तादांना विचारलं.

"अरे मियाँ, रेकॉर्डच्या सुईचा आवाज बारीक, तिला प्री होना. टेपला कायकू? नको ते आवाज मोठे होतील."

मी ऐकतो का? लावलाच!

मामा-मामी आले. बाहेर चिमणीसुद्धा गप्प. मी सनईची कॅसेट लावली. खिडकीच्या काचा थरथरल्या, मामांनी कानांवर हात ठेवले. तेवढ्यात सनई संपली. आणि स्पीकरमधून कुणीतरी श्वास घेतला.

"पाणी... पाणी मिळंल का?"

आईनं आडाकडे पाहिलं. मामांनी नुकताच उचललेला पेला हवेतच.

"नाव काय... तुमचं?" स्पीकरनं विचारलं.

"कुनी नाव सांगू नका!" मामी किंचाळल्या. "सांगितलं की धरतंय ते!"

मामा आईच्या चपला घालून उंबऱ्यात पोचले. आणि मी, घरचा मेकॅनिक? बटण बंद करायचं सोडून आईच्या पदराआड!

"माझं... आठवीपर्यंत झालंय."

मामी थबकल्या. "अवं, थांबा जरा. भूत आठवी शिकलंय!"

आईनं वळून माझ्याकडे पाहिलं. "मुडद्या! तुझाच की रं आवाज!"

माझाच! निलंग्याला जाण्याआधी त्याच कॅसेटवर मी बोलायचा सराव केला होता. 'काही सुचलं नाही तर पाणी माग,' असं काकांनी शिकवलेलं. नंतर त्यावरच सनई भरली, ती संपली तरी रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं. जुना आवाज पुरता पुसला गेला नव्हता, उरलेली कुजबुज प्रीनं फुगवली. आणि मला स्वतःचा आवाज ओळखू येईना, कारण इतका मोठा तो कधी निघालाच नव्हता!

मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मुकं न्हाई वो! बोलतंय की पोरगं, फक्त डब्यातनं बोलतंय."

लग्न ठरलं. परवा उस्ताद घरी आले, म्हणाले, "बोला था ना, टेपला प्री लागत नाही?"

मी नेहमीसारखा गप्प. आतून बायको म्हणाली, "टेपला न्हाई लागत, उस्ताद. ह्यांला लागतो."