दोरीपलीकडचा सराव

जगदाळे मॅडम माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा: “आपटे, तुम्ही माणसांचा अपमान चांगला करता म्हणे. उद्या शाळा सुटल्यावर मैदानावर या.”

मी शाळेत भूगोल शिकवायला नुकताच लागलो होतो. शिक्षकखोलीत दोन-चार जणांना दोन-चार वाक्यं ऐकवली होती, तीही आमच्या पेठेच्या मानाने जवळजवळ प्रेमळ. त्यांची कीर्ती खेळाच्या मैदानापर्यंत पोचली असेल असं वाटलं नव्हतं. घरी गेल्यावर मी बायकोला सांगितलं, की माझ्या एका गुणाची शाळेने दखल घेतली आहे. कोणत्या, असं तिने विचारलं. सांगितल्यावर म्हणाली, “चला, त्याचा बाहेर तरी उपयोग होतोय.”

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेलो तर मॅडमनी कडेने दोरी बांधलेली. दोरीच्या आत मुलींचा फुटबॉलचा संघ, दोरीच्या बाहेर आमच्या शाळेतली निवडक तिखट माणसं: रसायनशास्त्राचे कुलकर्णी, ग्रंथालयातल्या साने बाई, आणि आता मी. मॅडम मध्ये उभ्या. पंजाबी ड्रेस, त्यावर शिट्टी, डोक्यावर कधीकाळी पांढरी असलेली टोपी. संघ बाहेरच्या शाळेत खेळायला जायचा असला, की आधीचे आठ-दहा दिवस त्या असा सराव घेत. मुलींनी खेळायचं आणि आम्ही त्यांना वाट्टेल ते बोलायचं.

“घरच्या मैदानावर पाय खेळतात,” मॅडम म्हणाल्या, “बाहेरच्या मैदानावर कान. पायांचं मी बघते. कानांचं तुम्ही बघा.”

माझी सुरुवात काही बरी झाली नाही. सेंटरला खेळणाऱ्या मुलीचा पाय चेंडूला लागता लागता राहिला, तेव्हा मी विचारलं, “आपण आज येणार आहात हे चेंडूला कुणी कळवलं होतं का?” ती मुलगी खेळ थांबवून जवळ आली आणि “नाही सर, सांगायला हवं होतं का?” म्हणाली. मॅडमनी शिट्टी वाजवली. “आपटे, लोक इतका विचार करून शिव्या देत नाहीत. जरा अडाणीपणा आणा.” मग मी दुसरीकडे लक्ष वळवलं आणि मॅडमना हळूच सांगितलं, की गोलमध्ये उभी असलेली ती उंच मुलगी गणवेश विसरून आली आहे, तिचा शर्ट वेगळ्या रंगाचा आहे. “गोलकीपरचा वेगळाच असतो,” एवढंच म्हणाल्या. त्यांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. शेजारी उभ्या असलेल्या कुलकर्ण्यांनी सगळ्यांना सांगितली.

ती उंच मुलगी म्हणजे वैष्णवी. दहावीतली. वडील वाशीमकडून कारखान्यात कामाला आलेले, घर वाघोलीला. तिची उंची वर्गातल्या सगळ्यांपेक्षा हातभर जास्त, आणि ती लपवायला ती खांदे पुढे घेऊन, मान खाली घालून चालायची. आदल्या वर्षी शहरातल्याच एका शाळेत सामना होता. तिथे कुंपणाला लटकलेल्या पोरांनी तिला ‘खांब’ म्हणायला सुरुवात केली. खांबा, दिवा लाव. खांबा, जाहिरात चिकटवू का. पंधरा-वीस मिनिटं तिने ऐकलं. मग ग्लोव्ह्ज काढले, गोलपोस्टच्या पायाशी नीट ठेवले आणि चालत जाऊन बसमध्ये बसली. मागे मोकळा गोल. त्यानंतर ती मैदानावर यायची बंद झाली आणि वर्गात शेवटच्या बाकावर आणखी वाकून बसायला लागली.

मॅडम तिच्या घरी गेल्या होत्या. तिथे काय बोलणं झालं ते मला पुढे साने बाईंकडून कळलं. वैष्णवी म्हणाली होती, “एक मॅच खेळतो, मॅडम. पुन्हा तसंच झालं तर मंग मले कधीच बोलवू नका.” मॅडम बरं म्हणाल्या होत्या. म्हणजे तो एकच सामना. खडकवासल्याच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेत होणारा. त्यात जिंकायचं की हरायचं याची चर्चा मॅडमनी एकदाही केली नाही. वैष्णवी शेवटपर्यंत गोलमध्ये उभी राहते का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

मी बाकीच्या मुलींना बोलायचो, वैष्णवीला मात्र वगळायचो. तिसऱ्या दिवशी मॅडम दोरीपाशी आल्या. “खांब म्हणा.”

मी म्हटलं, मला नाही जमणार.

“तुम्ही नाही म्हणालात तर तिकडे कुणीतरी म्हणेलच. त्याला तिची काही पडलेली नसेल. पहिल्यांदा तरी ज्याला पडली आहे अशा माणसाकडून ऐकू दे.”

मी म्हणालो. आवाज असा निघाला, की शेजारच्या साने बाईंनी मला पाणी हवं का विचारलं. वैष्णवीने ग्लोव्ह्ज काढून ठेवले आणि ती निघून गेली. मॅडम तिच्या मागे धावल्या नाहीत, समजूत घातली नाही. ते ग्लोव्ह्ज रात्रभर तिथेच राहू दिले. दुसऱ्या दिवशी वैष्णवी आली, दवाने ओले झालेले ग्लोव्ह्ज तिने झटकले आणि हातात चढवले. मी परत खांब म्हणालो. असं करता करता आठवड्याभरात माझे सगळे टोमणे तिच्यावरून पाण्यासारखे ओघळून जायला लागले. ती मागे वळूनसुद्धा बघत नसे. खांदे मात्र तसेच पुढे आलेले.

सामन्याच्या दिवशी बसमध्ये मुली अशा बसल्या होत्या, जशा काही सीमेवर निघाल्या आहेत. कान घट्ट, दात घट्ट. मीही आपण एक फौज घडवली अशा थाटात पुढच्या सीटवर बसलो होतो.

शाळेच्या फाटकाशी बस थांबली तर समोर गावातल्या बायका हातात तबकं घेऊन उभ्या. गावात पहिल्यांदाच मुलींचा संघ खेळायला आला होता. मग गावाने ठरवलं, की पाहुण्या लेकींचं रीतसर स्वागत करायचं. एकेका मुलीला कुंकू लावलं, ओवाळलं, हातावर गूळ ठेवला. मग गरम पोहे. मग ताक. मलाही एक टोपी आणि नारळ मिळाला, तो पुढचा सगळा वेळ कुठे ठेवावा हे मला कळेना. मुलींचे घट्ट केलेले चेहरे बघता बघता विरघळले. एकीच्या तर डोळ्यांत पाणी.

मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या, कपाळावर कुंकवाचा मोठा टिळा. “आपटे,” त्या हळूच म्हणाल्या, “ही तयारी आपण केलीच नाही.”

खरंच नव्हती केली. खेळ सुरू झाला आणि आमच्या मुली समोरच्या मुलींना वाट द्यायला लागल्या. धक्का लागला की थांबून “लागलं का गं?” विचारायच्या. दोरीपलीकडून एका मावशींनी आमच्याच सेंटरला “शाब्बास गं बाई” म्हटलं, तर ती लाजून चेंडू विसरली. पहिला गोल असा बसला. वैष्णवीच्या गोलमागे गावातल्या चार आज्या पोतं अंथरून बसल्या होत्या. वैष्णवी कशाची वाट बघत होती ते मला माहीत होतं. तो शब्द आला नाही. त्यातली एक आजी दुसरीला सांगत होती, “पोर बघ किती उंच हाय. दीपमाळंवानी. देवानं सवडीनं घडवली असंल.”

वैष्णवी मागे वळली. आठवडाभर मी घसा फोडून जिची मान वळवू शकलो नव्हतो, ती मुलगी वळून त्या आजीकडे बघत राहिली, आणि चेंडू तिच्या बाजूने सावकाश, जवळजवळ परवानगी मागत आत गेला. समोरच्या मुलींनीसुद्धा टाळ्या वाजवायला थोडा वेळ घेतला.

मग तिने डाव्या हाताचा ग्लोव्ह काढला. मग उजव्या हाताचा.

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. फक्त माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आपटे, सुरू करा.”

मी धावलो. काखेत नारळ, डोक्यावर टोपी, त्या चार आज्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, “ए खांबा, चाललास कुठे? दिवे गेलेत का?”

दीपमाळ म्हणणारी आजी गुडघ्यावर हात ठेवून उठली. “मास्तर हायस का कोन हायस रं तू? लोकाच्या लेकीला खांब म्हनतोस? कुंकू लावलंय तिला आमी.” दुसरीने माझ्या पोटरीवर छत्रीचं टोक लावलं. तिसरी माझ्या नारळाकडे अशा नजरेने बघत होती, की तो परत घेण्याचा विचार चालू आहे हे मला कळलं. मी मागे सरकलो नाही. निदान फार नाही.

वैष्णवी आमच्याकडे बघत होती. आणि मग ती हसली. मला छत्री टोचली जातेय हे बघून हसली असेल, मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. तिने ग्लोव्ह्ज परत चढवले, पट्टे दाताने ओढून घट्ट केले. “बोला सर,” ती म्हणाली. “मी इथंच आहो.” आणि तोंड मैदानाकडे करून उभी राहिली. पूर्ण उभी. तोपर्यंत ती मुलगी नेमकी किती उंच आहे हे आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. खांबाएवढी होती, दीपमाळेएवढीही होती.

मी शेवटपर्यंत बोलत राहिलो, आज्या शेवटपर्यंत मला बोलत राहिल्या. आमच्या मुलींनी एक गोल फेडला, तरी आम्ही एका गोलने हरलो. परतीच्या बसमध्ये मुली गाणी म्हणत होत्या. वैष्णवी मागच्या सीटवर झोपली होती, ग्लोव्ह्ज हातातच.

मॅडमनी तिचं कौतुक केलं नाही. त्यांना ते यायचंच नाही. कुणी त्यांचं केलं, तर “बरं, पुढे बोला” म्हणून विषय हाणून पाडत. पण त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, की यापुढे कौतुकाचाही सराव घ्यायचा. पुढच्या सामन्याआधी दोरीपलीकडे आम्हीच उभे. एका तासात आमच्या संपूर्ण शिक्षकवर्गाला तीनच वाक्यं सुचली. कुलकर्णी “वाईट नाही” म्हणाले. साने बाई “बरं आहे की” म्हणाल्या. मी “मागच्यापेक्षा कमी भयंकर” म्हणालो आणि मुलींनी मला टाळ्या दिल्या. मॅडमनी तो प्रयोग बंद केला.

गेल्या महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या. शाळेच्या सभागृहात निरोप समारंभ होता. त्यांच्या जुन्या मुली आल्या होत्या. वैष्णवी आता महाविद्यालयात आहे, मागच्या बाजूला बसली होती आणि तिच्या मागे बसलेल्यांना काही दिसत नव्हतं. मुख्याध्यापिका बोलल्या, एका माजी विद्यार्थिनीची आई बोलली. मॅडम मान खाली घालून शालीचं टोक घडी करत होत्या, परत मोडत होत्या. त्यांचे खांदे पुढे आलेले मला तेव्हा पहिल्यांदा दिसले.

मग मी उभा राहिलो. मी भाषण खरोखर चांगलं बसवलं होतं, त्यात एकही टोमणा नव्हता. पहिल्या दोन वाक्यांतच म्हणालो, की या बाईंनी आम्हाला शिकवलं की माणसाला खंबीर करायचं तर आधी त्याच्या बाजूला उभं राहावं लागतं. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मॅडम उठल्या होत्या. शाल हातात गुंडाळली, नारळ खुर्चीवर नीट ठेवला आणि स्टेजच्या बाजूच्या पायऱ्यांकडे चालायला लागल्या. पाणी प्यायला जातात असं लोकांना वाटलं असेल. मला नाही वाटलं. मी असं जाणं पाहिलेलं होतं.

मागून आवाज आला. “मॅडम, गोल सोडून कुठं चालल्या?”

वैष्णवी उभी राहिली होती, पूर्ण उंचीची.

मॅडम पायरीपाशी थांबल्या. मग वळल्या, परत आल्या, नारळ मांडीवर घेऊन खुर्चीत ताठ बसल्या. डोळे वाहत होते, ते पुसले नाहीत.

“बोला, आपटे,” म्हणाल्या. “मी इथेच आहे.”

मी कागदाकडे बघितलं. गोड वाक्यं पुढे नेण्याची माझी छाती नव्हती, म्हणून एखादा टोमणा तरी शोधायला लागलो. जन्मभराच्या सरावानंतर त्या दिवशी मला एकही सापडला नाही.